आधी नद्या, मग डोंगर: नववीच्या नकाशाची तयारी इंदूरहून

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी नववीत, शाळा इंदूरची, घरी मराठी. भारताच्या पर्वतरांगा पाठ आहेत, पण कोरा नकाशा समोर आला की विंध्य आणि सातपुडा एकमेकांच्या जागी जातात. शिखरांच्या उंच्याही तीन पुस्तकांत तीन दिसतात. हे पक्कं कसं करून घ्यायचं, आणि इंदूरजवळ काही प्रत्यक्ष दाखवता येईल का?

दाखवता येईल, आणि फार चांगलं दाखवता येईल. पण त्याआधी पाठांतराचा क्रम बदला. मुलं रांगांची नावं आधी घोकतात आणि नद्या दुसऱ्या धड्यात वेगळ्या शिकतात. गोंधळ नेमका इथेच होतो. दोन रांगा वेगळ्या ओळखता येतात त्या बहुतेक वेळा त्यांच्यामधून वाहणाऱ्या नदीमुळे. म्हणून कोऱ्या नकाशावर पहिली रेघ नदीची काढायची, डोंगर त्यानंतर. विंध्य आणि सातपुड्याच्या मध्ये नर्मदा आहे, सातपुडा आणि अजिंठा-सातमाळ्याच्या मध्ये तापी. उत्तरेकडून दक्षिणेकडे विंध्य, नर्मदा, सातपुडा, तापी हा क्रम एकदा हाताला बसला की अदलाबदल होत नाही.

हाताला बसण्यासाठी माप लागतं. वहीच्या पानावर मावणारा भारताचा नकाशा उत्तर-दक्षिण साधारण २० सेंटीमीटर असतो. देशाची उत्तर-दक्षिण लांबी ३२१४ किलोमीटर, म्हणजे १ सेंटीमीटरला जवळजवळ १६० किलोमीटर. आता इंदूरचा ठिपका द्या. कर्कवृत्त त्याच्या वर अर्ध्या सेंटीमीटरवर येतं. नर्मदा सरळ रेषेत ५५-६० किलोमीटर दक्षिणेला आहे, म्हणजे नकाशावर ठिपक्याच्या खाली जेमतेम साडेतीन मिलिमीटर. तापीकाठचं बऱ्हाणपूर सरळ रेषेत १६० किलोमीटर, म्हणजे बरोबर १ सेंटीमीटर. विंध्याचा कडा, नर्मदा, सातपुडा आणि तापी, सगळं या एका सेंटीमीटरात मावतं. मुलं विंध्य आणि सातपुड्यात बोटभर जागा सोडतात. मग विंध्य राजस्थानात सरकतो, सातपुडा विदर्भाच्या मध्यावर उतरतो आणि दोन्हींचे गुण जातात. टोकदार पेन्सिल वापरा. आधी नर्मदा काढा: पूर्वेला अमरकंटक, पश्चिमेला भडोचजवळ समुद्र. तिच्या वरच्या बाजूला अगदी लगत विंध्य, खालच्या बाजूला लगत सातपुडा. पूर्वेकडे सातपुडा मैकल रांगेत जाऊन अमरकंटकला मिळतो. नर्मदा आणि सोन या दोघींचे उगम इथेच जवळजवळ आहेत. नर्मदा पश्चिमेला जाते, सोन पुढे ईशान्येला वळून गंगेला मिळते.

आता विंध्य म्हणजे काय, ते. पुस्तकातला ‘पर्वत’ हा शब्द वाचून मुलीला वाटतं, इंदूरच्या दक्षिणेला भिंतीसारखा डोंगर उभा असेल. महूच्या पुढे गेल्यावर तसा काही दिसत नाही आणि ती गोंधळते. इंदूर स्वतःच साधारण ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर आहे. विंध्य म्हणजे या पठाराचा दक्षिणेकडचा तुटलेला काठ. इंदूरकडून जाणारा माणूस त्यावर हळूहळू, नकळत चढतो आणि काठ आला की घाटातून एकदम खाली उतरतो. निमाडातून, म्हणजे खालच्या नर्मदेच्या खोऱ्यातून पाहिलं तर तोच काठ डोंगररांगेसारखा उभा दिसतो. मराठी माणसाला हे समजवायला सोपं आहे: देशावरून कोकणात उतरताना सह्याद्रीचं जे होतं, तेच इथे होतं. माळवा म्हणजे देश, निमाड म्हणजे कोकण, फक्त तोंड पश्चिमेऐवजी दक्षिणेला. दोन्हीकडे खडी बाजू एकीकडे आणि सौम्य उतार दुसरीकडे आहे. म्हणूनच गोदावरी, कृष्णा अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावूनही पूर्वेला जातात, आणि चंबळ, क्षिप्रा नर्मदेच्या इतक्या जवळ उगम पावूनही उत्तरेला जातात.

सातपुड्याची गोष्ट वेगळी आहे. नर्मदा आणि तापी या दोन्ही खचलेल्या दऱ्यांमधून वाहतात, आणि मध्ये उंच राहिलेला ठोकळा म्हणजे सातपुडा. पुस्तकात याला गट पर्वत म्हणतात. हिमालयासारख्या वळ्या पडून तो झालेला नाही. दोन बाजूंनी जमीन खचली आणि मधली राहिली, असं सांगितलं की मुलांना पटतं. वर्तमानपत्राची घडी घालून वळ्या दाखवा, आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन पुस्तकांच्या गठ्ठ्यांपैकी बाजूचे दोन कमी करून गट पर्वत दाखवा. द्वीपकल्पाच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जात असताना या दोनच मोठ्या नद्या पश्चिमेला का जातात, याचंही उत्तर यातच आहे: त्या खचदरीच्या वाटेने जातात.

उंच्यांचा घोळ खरा आहे आणि त्याला कारणं आहेत. विंध्याचंच बघा. बऱ्याच पुस्तकांत विंध्याचं सर्वोच्च शिखर दमोह जिल्ह्यातलं सद्भावना शिखर, ७५२ मीटर, असं छापलेलं असतं. आणि मध्य प्रदेशच्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत माळवा पठाराची उंच शिखरं म्हणून सिगार ८८१ आणि जानापाव ८५४ मीटर दिलेली असतात. जानापाव तर महूजवळ, याच काठावर आहे. मग ७५२ सर्वांत उंच कसं? ‘विंध्य’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, हे त्याचं कारण. भूगर्भशास्त्रात विंध्य म्हणजे जुन्या वालुकाश्माचे आणि चुनखडकाचे थर, जे कैमूर, भांडेर, रीवाच्या बाजूला आहेत. दमोह त्यात येतं. इंदूर-महूकडचा काठ मात्र लाव्ह्याच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे दख्खनच्याच खडकाचा, आणि वालुकाश्मापेक्षा कितीतरी तरुण: साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. भूरचनेच्या दृष्टीने दोन्ही विंध्यच. परीक्षेत पर्यायांमध्ये सद्भावना शिखर असेल तर तेच उत्तर लिहायचं, प्रश्न ‘माळव्याचं सर्वोच्च शिखर’ असा असेल तर सिगार. प्रश्नातला शब्द नीट वाचायची सवय लावा.

देशातलं सर्वोच्च शिखर कोणतं, इथेही तेच. के-टू ८६११ मीटर, काराकोरम रांगेत. भारताच्या अधिकृत नकाशात ते भारतात आहे, प्रत्यक्ष ताबा पाकिस्तानचा आहे. म्हणून काही पुस्तकं के-टू लिहितात, काही कांचनगंगा. कांचनगंगा ८५८६ मीटर, सिक्कीम आणि नेपाळच्या सीमेवर. जुन्या शालेय पुस्तकांत हीच उंची ८५९८ सापडते. पूर्णपणे भारताच्या आतलं आणि ताब्यातलं सर्वांत उंच शिखर विचारलं तर नंदादेवी, ७८१६ मीटर, उत्तराखंडात. एव्हरेस्ट भारतात नाही, हे मोठी माणसंही विसरतात. ते नेपाळ आणि चीनच्या सीमेवर आहे. त्याची सध्याची ८८४८.८६ मीटर ही उंची त्या दोन देशांनी ८ डिसेंबर २०२० रोजी मिळून जाहीर केली. पूर्व घाटात महेंद्रगिरी १५०१ मीटर हे उत्तर वर्षानुवर्षं चाललं, कारण शालेय पुस्तकांत तेच होतं; प्रत्यक्षात आंध्रातलं जिंधागडा १६९० मीटर आहे. आणि सह्याद्रीबद्दल बोलताना महाबळेश्वरला सर्वोच्च म्हणू नका. ते १४३८ मीटर आहे, साल्हेर १५६७ आणि कळसूबाई १६४६. पण कळसूबाई सर्वोच्च फक्त महाराष्ट्रात. सगळ्या पश्चिम घाटाचं आणि द्वीपकल्पाचंच सर्वोच्च शिखर केरळातलं अनाईमुडी, २६९५ मीटर. निलगिरीचं दोडाबेट्टा २६३७, अनाईमुडीहून ५८ मीटर कमी. अरवलीत गुरुशिखर १७२२, सातपुड्यात पचमढीचं धूपगड १३५०. एवढ्या उंच्या पुरेत. बाकीच्यांच्या मागे लागून डोकं भरू नका. नकाशात त्यांची जागा चुकण्यापेक्षा आकडा विसरलेला परवडतो.

आकडे पाच-दहा मीटरने वेगळे दिसतात त्यामागे आणखी साधी कारणं असतात. जुनी मोजणी फुटांत होती, फुटांचे मीटर करताना (१ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर) कुणी पूर्णांक केला, कुणी नाही. हिमशिखरांवर बर्फाचा थर धरायचा की खालचा खडक, यानेही फरक पडतो. आणि घरी करून बघण्यासारखं एक कारण आहे: फोन. काही ॲप उपग्रहाकडून आलेली कच्ची उंची दाखवतात. ती समुद्रसपाटीपासूनची नसते. पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून मोजलेली असते. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या आकाराच्या खाली असल्यामुळे इंदूरमध्ये असा फोन पन्नास-साठ मीटर कमी दाखवतो. राजवाड्यासमोर उभं राहून ४९५ दिसलं तर फोन बिघडलेला नाही.

आता हिमालय. इथेही नदीचाच धागा धरा. काश्मीर-लडाखच्या कोपऱ्यात सगळ्यांत जास्त रांगा एकमेकींना खेटून आहेत आणि प्रश्नही तिथलेच येतात. दक्षिणेकडून उत्तरेकडे: शिवालिक, पीर पंजाल, बृहद् हिमालय, झांस्कर, लडाख, काराकोरम. यांच्यात नद्या भरा. पीर पंजाल आणि बृहद् हिमालयाच्या मध्ये काश्मीरचं खोरं, त्यात झेलम. झांस्कर आणि लडाख रांगेच्या मध्ये सिंधू, लेह तिच्याच काठाजवळ. लडाख आणि काराकोरमच्या मध्ये श्योक. तीन नद्या लक्षात राहिल्या की सहा रांगांचा क्रम आपोआप राहतो.

हिमालयाची कमान सुमारे २४०० किलोमीटर, म्हणजे आपल्या नकाशावर १५ सेंटीमीटर. पण तिचा मधला भाग, जवळजवळ ५ सेंटीमीटर, नेपाळात आहे. भारताच्या सीमेच्या आतच सगळं काढायचं या हट्टापायी मुलं हिमालय उत्तर प्रदेश आणि बिहारच्या सपाटीतून ओढतात. उत्तराखंडाच्या पूर्व सीमेपर्यंत ठळक काढा, नेपाळातून तुटक रेषेने न्या, सिक्कीमपासून पुन्हा ठळक. पश्चिमेला हिमालय रुंद (काश्मीरकडे सुमारे ४०० किलोमीटर) आणि पूर्वेला अरुंद (अरुणाचलकडे सुमारे १५०), हेही रेषांच्या अंतरातून दिसलं पाहिजे. सगळीकडे सारख्या रुंदीचा पट्टा काढला की तो चुकलाच.

ईशान्येत ब्रह्मपुत्रा जिथे दक्षिणेला वळते तिथून डोंगरही दक्षिणेला वळतात: पटकाई, नागा, मणिपूर, मिझो, याच क्रमाने खाली. यांना मिळून पूर्वांचल म्हणतात. गारो-खासी-जैंतिया मात्र त्यांच्यात धरू नका. मेघालयाचं पठार हा द्वीपकल्पाचाच तुटलेला तुकडा आहे. मधली खळगी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाने भरली म्हणून तो वेगळा दिसतो. आसपास हिमालय आणि पूर्वांचल असताना हा तुकडा दख्खनच्या घराण्यातला निघावा, हे मुलांना फार आवडतं.

दक्षिणेतलं लवकर होतं. पश्चिम घाट १६०० किलोमीटर, म्हणजे १० सेंटीमीटर, तापीच्या लगेच खालून सुरू. किनाऱ्यापासून दोन ते पाच मिलिमीटर आत ठेवा. किनाऱ्याच्या रेषेवरच काढला तर कोकणाला जागा राहत नाही. पालघाटच्या खिंडीत रेघ थोडी तोडा. पूर्व घाट मात्र एकसलग नाहीच: महानदी, गोदावरी, कृष्णा त्याला कापून समुद्राला जातात, म्हणून नद्या आधी काढल्या असतील तर तुकडे आपोआप पडतात. अरवली नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे तिरकी, चार सेंटीमीटरहून थोडी जास्त, गुजरातेतून दिल्लीपर्यंत. दिल्लीची रायसीना टेकडी हे तिचंच टोक.

एक शब्दाची गंमतही मुलीला सांगा. मराठीत घाट म्हणजे डोंगरातून उतरायची वाट, डोंगर नव्हे. बाहेरच्यांनी वाटेचं नाव अख्ख्या डोंगराला दिलं आणि सह्याद्रीचा ‘वेस्टर्न घाट’ झाला. पुस्तकात कसारा घाट, बोरघाट वाचताना ही खिंड आहे, रांग नाही, हे लक्षात ठेवलं की एक नेहमीची चूक टळते.

तुम्ही नाशिक-मुंबईकडे गाडीने जात असालच. तोच रस्ता तिचा सर्वांत मोठा नकाशा आहे, फक्त तिला पुढच्या सीटवर बसवा आणि कागद द्या. राऊ, महू, मानपूर. इथे घाट उतरला की विंध्य संपला. खलघाटला नर्मदेचा पूल, उंची दीडशे मीटरच्या आसपास. ठीकरी, जुलवानिया करत सेंधवा. पुढे बिजासन घाट, म्हणजे सातपुडा (इंदूरच्या विमानतळाजवळच्या टेकरीवरची बिजासन वेगळी). घाट उतरला की शिरपूर आणि तापीचा पूल. धुळे, मालेगावनंतर चांदवडजवळ राहुड घाटात सातमाळ्याची रांग. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहेच. नाशिकच्या पुढे कसारा घाटात सह्याद्री. एका दिवसात चार रांगा आणि दोन खोरी. प्रत्येक घाट लागला की तिने वेळ लिहायची आणि ‘चढलो’ की ‘उतरलो’ एवढंच लिहायचं. कागद भरला की पठाराचा काठ आणि गट पर्वत यांतला फरक तिचा तिलाच दिसतो: मानपूरला आणि कसाऱ्याला उतार मोठा आहे आणि चढ जवळजवळ नाही, तर बिजासनला दोन्ही.

एवढा लांबचा बेत नसेल तर एका रविवारी इंदूरहून महू, तिथून जाम गेटमार्गे मंडलेश्वर आणि महेश्वर. जाम दरवाजा अहिल्याबाईंच्या काळातला, बरोबर माळव्याच्या काठावर बांधलेला. उत्तरेकडे पाठ करून उभं राहिलं की निमाड खाली पसरलेला दिसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगले. पावसाळ्यात धुक्यामुळे समोरचं काही दिसत नाही, एप्रिल-मेमध्ये धुरकट असतं. सकाळी नऊच्या आत पोहोचा. घाटातल्या रस्त्यासाठी कापलेल्या बाजूला खडक जवळून पाहता येतो, पण गाडी वळणावर थांबवू नका. रुंद जागा येईपर्यंत पुढे जा.

खडकात काय पाहायचं? काळ्या पाषाणाचे आडवे थर, एकावर एक. प्रत्येक थर म्हणजे लाव्ह्याचा एक लोंढा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी-लाल रंगाची हातभर जाडीची पट्टी दिसते. एक लोंढा निवला, त्याच्या माथ्याची झीज होऊन माती झाली, आणि पुढच्या लोंढ्याने ती भाजून काढली. म्हणजे दोन लोंढ्यांमध्ये बराच काळ गेला, याची ती खूण. काही ठिकाणी खडकाला कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले असतात. बोटाने वरचा पापुद्रा हलतो. पुढे त्याचीच काळी माती होते, जिच्यावर माळव्याचा गहू आणि सोयाबीन पिकतो. डोंगरांचे माथे सपाट आणि कडे पायऱ्या-पायऱ्यांचे का, हेही इथे कळतं: कठीण थर उभा राहतो, मऊ थर झिजतो. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप हा शब्दही पायऱ्यांच्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आला.

फोनमध्ये हवेचा दाब दाखवणारं सेन्सर असेल तर काठावर एक नोंद घ्या, महेश्वरच्या घाटावर दुसरी. या उंचीवर साधारण दर ९ मीटरला १ मिलिबार फरक पडतो. फरकाला ९ ने गुणलं की उतरलेली उंची मीटरमध्ये मिळते. दोन्ही नोंदींत दोन तासांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, कारण दिवसभरात हवेचा दाब स्वतःही बदलतो आणि उत्तर तीस-चाळीस मीटरने चुकतं.

जानापाव दाखवायचं असेल तर तो वेगळा अर्धा दिवस ठेवा. त्याची किंमत उंचीत नाही, पाण्यात आहे. एका उतारावरचं पाणी चंबळेत जातं, चंबळेतून यमुनेत, गंगेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. त्याच डोंगराच्या दुसऱ्या बाजूने निघालेली कारम नर्मदेला मिळते आणि अरबी समुद्राला जाते. जलविभाजक या शब्दाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा तिथे माथ्यावर पाण्याची बाटली दोन्ही बाजूंना थोडी थोडी ओतली की पुरे. पाताळपाणीचा धबधबाही चोरल नदीवर याच काठावर आहे, पण पावसाळ्यात पाण्यात किंवा काठाच्या खडकावर मुलांना अजिबात जाऊ देऊ नका. वरच्या भागात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही लोंढा येतो. जुलै २०११ मध्ये माणसं वाहून गेली आहेत.

घरी आल्यावर आलेखाच्या कागदावर इंदूर ते बऱ्हाणपूर छेद काढून घ्या. आडवं १ सेंटीमीटरला १० किलोमीटर, उभं १ सेंटीमीटरला १०० मीटर. इंदूर ० वर, उंची ५५० मीटर. अडीच-तीन सेंटीमीटरवर काठ, तिथे रेषा इंदूरपेक्षा थोडी वर घ्या आणि मग खाली सोडा. साडेपाच सेंटीमीटरवर बडवाहजवळ नर्मदा, दीडशेच्या किंचित वर. ११ वर खंडवा, ३१० मीटर. साडेचौदावर असीरगड, माथा ७०० मीटरच्या आसपास. १६ वर बऱ्हाणपूर, २५० मीटर. असीरगडाला दख्खनची किल्ली का म्हणत, ते या रेषेवर दिसतं. सातपुडा ओलांडायची सोपी खिंड इथेच आहे, रेल्वेही याच खिंडीतून काढली, आणि तिच्यावर नजर ठेवणारा उंचवटा हाच.

छेदाखाली ‘उभं माप १०० पट ताणलेलं’ असं तिच्या हाताने लिहून घ्या. खऱ्या मापात काढलं असतं तर इंदूरची सगळी उंची अर्ध्या मिलिमीटरची, पेन्सिलीच्या रेघेएवढी झाली असती.